एक नंबरची जर्सी

नायडू सरांनी मला मैदानावर नाही,
अ‍ॅडमिशनच्या खिडकीशी हेरलं.
मागची रांग कावली होती, माझ्यापलीकडचं
कोणाला काहीच दिसत नव्हतं.
"खेळतो का?"
"काय?"
"ते मागून सांगतो. वजन बोल."
दिवाळीत कळमन्यात, बाबांच्या काट्यावर,
संत्र्याचे क्रेट उतरवून मी चढलो होतो :
एकशे चार.

तीन वर्षं रग्बी. डावा प्रॉप. पाठीवर आकडा एक.
आईला वाटलं, पोरगा पहिला आला.
समोरच्या निखाडेबाईंना सांगूनही आली.
मी जर्सी उलटी करून वाळत घालू लागलो.

क्राउच.
विद्यापीठाचं मैदान, एप्रिल, सकाळचे साडेसात,
जमीन बुटातून वर चढायला लागलेली.
बाइंड.
उजव्या मुठीत इम्रोजच्या बगलेतला कपडा,
डावीत अमरावतीच्या कोणाचा तरी.
सेट.
मग इकडून आठ, तिकडून आठ,
आणि मधे माझी मान.
उजवा कान तेव्हाच फुलला, अजून तसाच आहे.
केस कापणारा हळू हात लावतो,
विचारत नाही.

चेंडू माझ्याच बाजूनं आत यायचा.
मी त्याला पाहिला तो असा : डोकं खाली,
माझ्या पायांजवळून मागे घरंगळताना.
हात मोकळे नसत.
पुढचं ऐकू यायचं फक्त.
ऋत्विज डांगरे रेषेला लागून सुटला की
गॅलरी आधी गप्प होई, मग फुटे.
मी ढिगातून निघेपर्यंत
तो कोणाच्या तरी खांद्यावर,
जर्सी कोरडी.
भांग तसाच.

अंतिम सामन्याचा फोटो पेपरात आला.
ऋत्विज हवेत, चेंडू छातीशी.
खाली डाव्या कोपऱ्यात मातीनं भरलेला एक गुडघा.
आईनं ते कात्रण जपलं,
गुडघ्याभोवती निळ्या पेनानं गोल करून.

एकदा मात्र आला होता हातात.
वर्ध्याच्या पोरानं गडबडीत मलाच दिला.
इतका हलका असतो हे ठाऊक नव्हतं.
समोर मोकळी जागा होती, बरीच.
मी साडेतीन पावलं पळालो
आणि चोरीचा माल असल्यासारखा
जवळच्याला देऊन टाकला.
सर काही बोलले नाहीत. दोन दिवस.

तोच गुडघा तिसऱ्या वर्षी गेला.
तरी रेल्वेच्या निवडीला गेलो, पट्टा बांधून.
फॉर्मवर रकाना होता : केलेले गुण.
मी शून्य लिहिलं, स्वच्छ, गोल.
टेबलामागच्या साहेबानं चष्मा वर केला.
"मग तुम्ही करत काय होते?"
मी सांगायला लागलो.
त्यानं पुढच्याला हाक मारली.

आता कळमन्यात तोच गाळा.
बाबा नाहीत, काटा इलेक्ट्रॉनिक झालाय.
आकडा लाल दिसतो, भांडणं तेवढीच होतात.

परवा ऑगस्टातल्या एका रात्री
नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी चढलं होतं.
मधोमध एक पांढरी गाडी बंद पडलेली,
आत दिवा, मागच्या सीटवर झोपलेलं लेकरू.
मी स्कूटर वर लावून उतरलो.
आणखी एक जण आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
ओळख ना पाळख.
मी वाकलो. पाठ सपाट, गाल डिकीच्या पत्र्यावर,
पाय मागे रोवले.
तळाशी काय आहे दिसत नव्हतं, पण ते धरून राहिलं.
गाडी हलली. अजून हलली.
मग खोकली, सुरू झाली, चढावर गेली,
खिडकीतून एक हात निघाला, हलला.
कोणाचा, पाहिलं नाही.

पाणी परत जागेवर आलं.
बाजूचा माणूस धापा टाकत माझ्याकडे पाहत होता.
"कायले धरून राहिला बे भाऊ?
सोड ना. फाटून जाईन."

माझ्या उजव्या मुठीत
त्याच्या बगलेतला कपडा होता.