गवत कापायचं यंत्र

शाहू स्मारकात शेवटच्या खेळाला आम्ही साठेक माणसं.
पडद्यावर बोलिव्हियाची सून
आणि जर्मनीतलं थंडगार सासर.
सातचं जेवण, तर पाहुणे पावणेसातलाच दाराबाहेर,
बर्फात उभे, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत,
सातच्या ठोक्याला बेल.
हॉल खदखदून हसला.
आमच्याकडं सातला बोलावलं
की सातला आंघोळीचं पाणी तापतं.

मग तिची माणसं आली, न कळवता, नऊ जण,
मक्याचं पोतं, वाळल्या मिरच्या
आणि एक आजारी मामा घेऊन.
हुस्ना मुल्लाणीनं कोपर मारलं,
"आपलीच की गं ही!"
व्हय. मिरच्या बघूनच ओळखलं होतं मी.

सासरा गेला.
चर्चमध्ये काळ्या कोटांच्या रांगा
आणि तिनं एकटीनं हंबरडा फोडला.
सगळे आपापल्या बुटांकडं बघू लागले.
नवरा हळू काहीतरी बोलला,
खालच्या ओळीत त्याचं नुसतं 'प्लीज' झालं.
मागून कुणीतरी म्हणालं, माणसं हायत का दगडं?

मी खुर्चीत ताठ झाले.

उद्यमनगरात अण्णा लेथसमोरच कोसळले तेव्हा
मुरगूडची आत्या कोपऱ्यापासून रडत आली,
बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या,
आणि मी हजेरीचं रजिस्टर उघडून
अकरा कामगारांचा पगार मोजत होते.
शनिवार होता.
पाकिटावर नाव, आत सुट्टे पैसेसुद्धा बरोबर,
अण्णा घालायचे तसे.
बाळू पाडळकरनं पाकीट घेतलं, माझ्याकडं न बघता.
आत्या म्हणाली, पोरगी दगडाची.
एकवीस वर्षं झाली, अजून म्हणते,
लग्नकार्यात, जेवता जेवता, सहज.

पडद्यावर तो नवरा रात्री गॅरेजमध्ये गेला.
बापाचं गवत कापायचं यंत्र चालू केलं
आणि तसंच धडधडत ठेवलं.
बाहेर बर्फ. कापायला गवत कुठंच नाही.
त्या आवाजात त्याचं तोंड उघडलं, मिटलं,
परत उघडलं.
खाली ओळ आली नाही.
मला शब्द न् शब्द कळला.

गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
कट्ट्यावर म्हशीच्या धारा थेट ग्लासात,
हुस्ना अजून त्या मामाचंच सांगत होती,
ओठावर फेस तसाच.
"अगदी आपल्यासारखी माणसं, नाही का गं?"
मी म्हटलं, हो.
कुठली, ते तिनं विचारलं नाही.
दोघींचे पैसे मी मोजून दिले.
सुट्टे.