मऊ लागलं म्हणून

भवानी पेठेत दुकान आहे आमचं. पाटी गंजून पडली,
उंबऱ्याशी दातेरी शंकूंचं जुनं बिट ठेवलंय, तीच ओळख.
पुण्यात बोअर म्हणजे हातोडा आणि हवा:
काळ्या पाषाणावर रात्रभर दणादण,
सकाळी शेजाऱ्यांच्या चादरींवर राखाडी धूळ.
दातेरी बिटाला गिऱ्हाईक वर्षाकाठी चार, फार तर पाच.

त्यातले एक दौलत कुंजीर.
मांजरीला, नदीच्या अंगाला जागा.
चाळीस फूट गाळ, वाळू, पिवळी चिकट माती, मग दगड.
म्हणाले, ताई, सगळ्यात कडक द्या,
बटणाचं. पैशाकडे बघू नका.

मी काढलं बटणाचं. आखूड गोल दाणे,
डाळिंबासारखे गच्च भरलेले.
शेजारी दुसरं ठेवलं, लांब दातांचं, विरळ,
मध्ये बोट जाईल एवढ्या फटी.
"हे तर बोळकं."
म्हटलं, दगड चिरडायचा असतो, माती खरवडायची.
फटी आहेत त्या मातीला निसटायला.
आणि शंकू बघा, नेमके मध्यावर रोखलेले नाहीत,
जरा कलते,
एका पंगतीत बसलेल्या तीन जावांसारखे,
एकमेकींकडे सरळ न बघणाऱ्या.
म्हणून नुसते फिरत नाहीत, ओरबाडत जातात.

कुंजीर हसले, आणि बटणाचंच घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी फोन.
बिट वर काढलं तर चिखलाचा लाडू,
शंकू कुठला, दाणा कुठला, कळेना.
मी बोळकं गोणपाटात गुंडाळलं,
स्कूटरवर पायांत घेतलं, हडपसरवरून मांजरीला गेले.

रिगवर गफूर मुलाणी. सगळं वजन बिटावर टाकून उभा.
"उतरत नाही म्हणून दाबतोय."
"दाबताय म्हणून उतरत नाही."
वजन उचलायला लावलं. फेरे वाढवले. पंप पूर्ण खोलला.
बेंटोनाइट कालवून नरसाळ्यात ओतलं, बोटावर मोजलं:
अडतीसला लिटर खाली. चालेल.

वडील रिगवरच्या पोरांना ओरडायचे,
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये!
ही म्हण माणसांबद्दल आहे
हे मला सातवीच्या परीक्षेत कळलं,
अर्थ चुकल्यावर.

मग रॉड आपल्याच भारानं उतरू लागला.
जाळीवर माती आली, पिवळी, सालीसारखी वळलेली,
तिच्यात गोगलगाईचे शंख, अख्खे.
पंचवीस फुटांनंतर आवाज बदलला:
सुपात तांदूळ. वाळू.
कुंजीर म्हणाले, आता चहा. आणि डिझेल वाचवायला
पंप बंद केला.

नंतर एक्केचाळिसाव्या फुटाला गफूरनं
ब्रेकच्या दांड्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले.
"आला."
सगळा मनोरा दात वाजल्यासारखा थडथडत होता.
"आता तुमचं काढा," मी म्हटलं,
आणि कुंजिरांनी टेम्पोतून बटणाचं आणलं,
धुऊन, पुसून, वर तेलाचं बोट फिरवलेलं,
नव्या जावयाला ओवाळायला आणावं तसं.

बोळकं परत आलं माझ्याकडे.
दोन शंकू फिरतात, तिसरा जाम.
वाळू बेअरिंगमध्ये बसलीय, चहाच्या दहा मिनिटांत.
गल्ल्याजवळ ठेवलंय, बिलांवर वजन म्हणून.
गिऱ्हाईकांची पोरं येतात, पहिला फिरवतात, दुसरा फिरवतात,
तिसऱ्यावर अंगठा रेटत बसतात.
कुंजीर येतात तेव्हा मी त्यांना दाखवते,
बघा तुमच्या चहानं काय केलं.
ते काही बोलत नाहीत.
दोन कप मीही घेतले होते.