पायरी एकेचाळीस, खालची बाजू

मार्वेच्या खाडीकडे उतरत गेलेली ही बाग:
चार टप्पे, दोन कठडे, अठ्ठावन्न पायऱ्या.
माझ्या हातात टेप, कानामागे पेन्सिल,
आणि प्रत्येक दगडावर खडूनं घातलेला आकडा,
कारण सगळे उचलायचे, खालची माती दाबायची
आणि पुन्हा होते तिथेच ठेवायचे.
तिथेच म्हणजे तिथेच. सुताइतका फरक नको,
असं करारात आहे.

दगड मालाडचा, जुन्या तुपाच्या रंगाचा.
बेजनजी शेठनी कुठल्याशा विलायती पुस्तकातलं चित्र
बोटानं दाखवलं असेल: असली बाग जोईए.
दिली ती मागच्याच टेकडीनं.
टेकडी आता नाही. तिथे बावीस मजले आहेत,
बाविसाव्यावर पोहायचा तलाव.
टेकडीचा इतकाच भाग अजून पत्त्यावर सापडतो,
तोही तुकड्यातुकड्यांनी, नंबर घातलेला.

पहिल्या दिवशी झीज मोजली.
मधोमध, जिथे झिजायला हवी तिथे, पायरी कोरी,
टाकीचे ठिपके अजून बोटाला लागतात.
डावीकडे मात्र, कठड्याला लागून हातभर रुंदीत,
पावणेदोन इंचांचा खळगा,
बशीसारखा,
अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पायऱ्यांना.

पास्कूकाकांना विचारलं. माळी. त्यांचे वडीलही इथलेच माळी.
म्हणाले, मधून शेठ यायचे,
वर्षाचे दोन महिने, हवा बदलायला.
पाणी रोज यायचं.
विहीर खाली, गुलाब वर.

एवढं सांगून झारी उचलून ते चढू लागले
डावीकडून, कठडा धरून,
शेठना जाऊन साठ वर्षं झाली तरी.
पायरी ओळखून राहावं, आई म्हणायची.
मला ते त्या दिवशी इंचांत कळलं.

एकेचाळिसावी निघेना.
तिमण्णा धोत्र्यांनी पहार घातली, मग शिवी घातली,
मग दगडाला हात लावून शिवी परत घेतली.
चौघांनी मिळून उलटली तेव्हा
चुन्याच्या खपलीखाली रेघा.
चौकोन, त्यात चौकोन, त्यात चौकोन,
आतल्याची एक बाजू कोरायची राहिलेली.
नवकंकरी, तिमण्णा म्हणाले,
गावाकडच्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

भाकर खाऊन कुणीतरी कोरत बसलं असेल.
मुकादमाची हाक आली असेल.
दगड पालथा घातला असेल, पुराव्यासकट.
टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
ह्याला नुसतं पायरीपण आलं,
आणि दीडशे वर्षं पोटाशी एक डाव.

फोटो गेला. आर्किटेक्ट बाईंचा फोन लगेच:
सुंदर! सुलटी बसवा, वर काच, शेजारी पाटी,
रात्रीसाठी एक छोटा दिवा.
तिमण्णा तंबाखू मळत राहिले.
मग मला विचारलं, करारात काय हाय?
तिथेच म्हणजे तिथेच, मी म्हणाले.
मग झाका, म्हणाले.
नाहीतर अजून कुणाचा तरी रोज कापला जाईल.

मी हसणार होते. त्यांचा चेहरा पाहून राहिले.

चुना भिजत होता तेवढ्यात
आम्ही दगडाभोवती बसलो.
राहिलेली बाजू मी खडूनं ओढली.
त्यांच्या कंकऱ्या त्याच दगडाच्या कपच्या,
माझ्या, पास्कूकाकांनी आणून दिलेल्या चिंचोक्यांच्या.
दोन डाव हरले. तिसऱ्यात जुळत आलं होतं,
पण चुना थांबत नाही.

संध्याकाळी वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पायरी ४१. मूळ जागी, पालथी.
सुलटी बसवल्यास तडकण्याचा संभव.
विलंब दोन तास.
कारण, दगड जड.