दोन वाजता चालेल

पहिली बैठक वेंगुर्ल्यात,
लोबोंच्या काजू कारखान्यामागच्या पडवीत.
आठजण येणार होतो, चौघं आलो.
टरफलं भाजल्याचा वास कपड्यांना चिकटलेला
आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक फाइल:
गृहभेटीचा अहवाल, पगाराची स्लिप,
कोर्टाच्या आदेशाची लॅमिनेट केलेली प्रत.
जणू दारातच कुणी विचारणार होतं,
कशावरून तुमचं?
कुणी विचारलं नाही.
लोबोबाईंनी चहा ओतला.

बराच वेळ पावसाळ्यातल्या रस्त्यांबद्दल बोललो.
मग सदानंद तांडेल,
धक्क्यावर बर्फाच्या लाद्या खांद्यावर वाहणारा माणूस,
कपाच्या तळाकडे बघत म्हणाला,
'माझो झील उशाखाली पाव लपवता.
मुंगये येतत. काय करूचा?'
मला इतकं हायसं वाटलं
की मी चक्क हसले.
आमच्याकडे चपाती.
चार घड्या घालून, पावडरच्या डब्यात.

त्या दिवशी नियम दोनच ठरले.
यशोदेचं नाव काढायचं नाही.
कलमी आंब्याची उपमा द्यायची नाही.
देईल त्याने एक नारळ भरायचा.
(बाहेर ही दोन्ही फुकट मिळतात,
तिठ्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत,
वर 'पुण्य केलंत हो' आणि लगेच,
आवाज खाली आणून,
'पण कुणाचं, काही कळलं?')
पहिला नारळ मीच भरला.

सुगंधा आली ती तीन वर्षांची.
नाव तिचंच. संस्थेतल्या कुण्या ताईने ठेवलेलं.
सासूबाईंनी काढलेली पाच नावं
किराणाच्या यादीमागे तशीच राहिली.
आल्यापासून ती रडली नव्हती.
पायरीवरून पडली, नाही.
दारात बोट चेमटलं, नाही.
फक्त बोटाकडे बघत राहिली,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.
शेजारी म्हणाले, किती शहाणं चेडू!
मीही चार दिवस ते मिरवलं.

बांद्याची नसरीन मुकादम
दुसऱ्या बैठकीला आली, मुलाला कडेवर घेऊन.
माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली,
'कुणी येणार नाही हे पाठ झालं
की पोरं रडायचं सोडतात.
ती रडेल ना, त्या दिवशी पेढे वाट.'

पुढे माणसं वाढली, कमीही झाली.
शिरोड्याची रेवती नाबर, बँकेतली,
तीन वेळा येऊन बाहेर स्कूटरवरच बसून गेली.
चौथ्यांदा आत आली, उभ्यानेच म्हणाली,
'मला तो अजून आवडत नाही.
सगळं करते. आवडत नाही.'
कुणीही दचकलं नाही.
सदानंदाने खुर्ची सरकवली.
पडवीत एवढं एकच वाक्य मावलं असतं
तरी आम्ही ती भाड्याने घेतली असती.

निघताना जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
नंबर लिहिले जातात, आणि पुढे वेळा.
रेवती: बँक सुटल्यावर.
सदानंद: बोट लागली नसेल तर.
लोबोबाई: रविवारी मिस्सानंतर.
नसरीनने 'कधीही' लिहून खोडलं,
नीट विचार करून लिहिलं,
दोन वाजता चालेल.

आश्विनातली रात्र. वीज गेलेली.
समुद्राचा आवाज पार खिडकीपर्यंत.
सुगंधा झोपेतून उठून बसली
आणि रडली.
मुसमुसून नाही. भोकाड पसरून,
आरोलकरांच्या घरातली बॅटरी लागेल असं.
मी उचललं. तिने लाथा मारल्या,
चावली, मग माझी मान घट्ट धरली.
मोकळ्या हाताने मी नंबर लावला.
बांद्यात एकच रिंग गेली.
'काय झालं?'
मला बोलता येईना.
फोन तिच्या तोंडाजवळ धरला.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग नाक ओढल्याचा आवाज,
आणि नसरीन म्हणाली,
'पेढे नकोत.
येताना खाजं आण. मालवणचं.
आल्याचं.'