दोन सरकारांचा स्वयंपाक

बेलफास्टबाहेर, खाडीच्या वाऱ्याकडे पाठ करून
एक बसकी इमारत होती. काचांना जाळ्या, जाळ्यांपुढे तारा.
आत दोन सरकारं राहायची
आणि त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे होता.

नाव इझोबेल गॉल्ट. विधवा. प्रेस्बिटेरियन.
यातलं तिसरं अर्जात कुणी विचारलं नव्हतं,
फाटकावर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

फाटकावर रोज माणसं. भर पावसातही.
ढोल एवढा थोरला की वाजवणाऱ्याची मनगटं सोलून निघत.
त्यांच्यात माझा दीर मर्विन,
हातात फळी, फळीवर एकच शब्द: नाही.
पहिल्या दिवशी मला बघून तो ओरडायचा थांबला.
दुसऱ्या दिवशी थांबला नाही.
रविवारी चर्चमध्ये माझी जागा धरून ठेवायचा,
टोपी ठेवून. बोलायचा मात्र नाही.

आत डब्लिनचे टिएर्नीसाहेब, लापशीत साखर घालणारे.
लंडनचे हेस्केथ, त्यांना मध लागे.
मीठ घालून खाणारी तिथे मी एकटीच,
आणि गाव तर आमचं होतं.

मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबे.
पण स्वयंपाकघराच्या खिडकीला भिंतीइतकेच कान असतात.
'सल्ला घेतला' लिहायचं की 'कळवलं' लिहायचं
यात एक अख्खी दुपार गेली,
मटण दोनदा गरम केलं, तिसऱ्यांदा करपलं.
फर्मानाकडचा एक रस्ता लष्करानं खणून ठेवला होता,
कुणा म्हाताऱ्याच्या गाई पलीकडच्या देशात,
दुधाची चरवी अलीकडच्या.
वीस मैलांचा वळसा घालून तो धार काढायला जायचा.
त्याच्या पत्रावर शेवटी काय लिहिलं?
'नोंद घेण्यात आली.'
मला वाटे, या भाषेत कुणी मीठ मागितलं
तर जन्मभर अळणी जेवावं लागेल.

नोव्हेंबरात एका सकाळी पावाची गाडी आली नाही.

लेस्ली क्विन. लेस्ली आईनं ठेवलेलं, आमच्यातलं.
क्विन बापाकडचं, त्यांच्यातलं.
पाव उतरवताना शीळ घालायचा, सूर कुठलाच नसे,
म्हणजे कुणाला ओळखता येऊ नये असा.
त्याला मारायला दोन्हीकडच्यांकडे कारण होतं.
कुणी मारलं ते मला आजही माहीत नाही.

नऊ वाजता दोन्ही फोन एकदम वाजले.
मग दोघे साहेब स्वयंपाकघरात आले, पहिल्यांदाच,
आणि कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना.
हेस्केथ म्हणाले, त्याचं नाव नेमकं कसं लिहितात?
मी एकेक अक्षर सांगितलं. हाताला पीठ होतं.
टिएर्नींनी लिहून घेतलं, हेस्केथांनी त्यावरून उतरवलं,
वाद न होता.
जाताना टिएर्नींनी माझी कपबशी विसळून ठेवली.
नीट विसळली नव्हती. मी पुन्हा विसळली.

दुपारी निवेदन आलं. दोन निवेदनं आली.
एकात 'निषेध', एकात 'तीव्र निषेध',
आणि एकच काढायचं ठरल्यावर
त्या 'तीव्र'वर दिवे लागेपर्यंत बसले.

फाटकावर त्या संध्याकाळी ढोल नव्हता.
मर्विन होता. फळी उलटी धरलेली, कोरी बाजू पुढे,
मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही.
म्हणाला, "उद्या पाव कोण आणणार?"
महिन्याभरातलं त्याचं पहिलं वाक्य.
"मीच भाजीन," म्हटलं, आणि बस गाठली.

दुसऱ्या दिवशी ढोल सुरू झाला.
आत 'तीव्र' अजून मिटायचंच होतं.
मी तव्यावर पाव टाकले, चौकोनी, आईच्या पद्धतीचे.
घाईत सोडा जास्त पडला. कडवट झाले.
दोन्ही सरकारांनी निमूट खाल्ले.