इतर माल, नग चोवीस

पलूसकडे वायनरींचं पेव फुटलं होतं तेव्हा
मी तिथं प्रयोगशाळेत होते.
आम्ल मोजायचं, साखर मोजायची,
कोट पांढरा, नखं जांभळी.
मालकांनी युरोपातून चोवीस बाटल्या आणल्या नमुन्याला,
"आपली अशी झाली पाहिजे," म्हणाले.
झाली नाही.
मग बँकेचं कुलूप आलं, आणि तीन पगारांच्या बदल्यात
त्या चोवीस माझ्या रिक्षात.

बारोलो, रिओहा, रोनच्या खोऱ्यातली एक,
दोऊरोच्या चार, जाड काचेच्या,
आणि बोर्दोच्या नावांत इतकी मुकी अक्षरं
की त्यांना मी नुसते नंबर दिले.
वीस वर्षं अंधारात, गारव्यात, आडव्या ठेवा,
असं माहितीपत्रकात.
सांगलीत. एप्रिलमध्ये. पत्र्याखाली.

"आमच्या पेवात ठेवा," आदगोंडाआण्णा मगदूम म्हणाले.
हरिपुरात त्यांचं हळदीचं पेव,
तोंड परातीएवढं, पोट खोलीएवढं,
वीस हात खाली ऋतूच नाहीत.
"मी थेंब घेणार नाही. आमच्यात चालत नाही.
राखायला काय, राखीन."
आणि वहीत लिहिलं, बाकदार अक्षरात:
हळद नव्हे, इतर माल, नग चोवीस.

एकोणीस साली कृष्णा आत उतरली.
वारणाही आली असेल, संगमावर कोण वेगळं ओळखणार.
पाणी गेल्यावर दगड सरकवला,
दिवसभर पेवाला श्वास घेऊ दिला,
दोरीला कंदील बांधून सोडला.
विझला नाही, तेव्हा आण्णांचा नातू उतरला.
एकेक बाटली वर आली, गाळाने माखलेली,
धुतली, तर नाव नाही.
एकीवरही नाही.
सगळी लेबलं लगदा होऊन तळाशी,
इटली, स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल
हळदीच्या चिखलात एकजीव.

पहिली उघडली: शिरका.
ती लिंबाच्या बुंध्याला गेली.
दुसरीचं बूच बोटाच्या दाबाने आत पडलं.
तिसरी मी बीकरमध्ये ओतली
(तेवढंच आणलं होतं मी कारखान्यातून, न सांगता),
उन्हाकडे धरली. मध्ये लाल, कडेला विटेचा रंग.
घोट घेतला. हिरड्या आवळून धरल्या तिने,
जांभळाची बी चावल्यासारख्या,
मग हळूहळू सोडल्या.
पण नाव? जिभेवर होतं, ओठांवर येईना.
इतकी वर्षं मी आकडे चाखले होते.

आण्णांनी बूच उचललं.
सौद्यात हळकुंड मोडून नाकाशी नेतात तसं नेलं,
डोळे मिटले.
पन्नास वर्षं त्या नाकाने
राजापुरी कुठली, कडप्पा कुठला, भिजवून वाळवलेलं कुठलं
व्यापाऱ्यांना सांगितलेलं.
"डांबर," म्हणाले.
"नवा रस्ता करताना येतो तो वास."
थांबले.
"आणि गुलकंद. पण वाळलेला, बरणीच्या काठावरचा."

बारोलो!
मी इतक्या मोठ्याने ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले.
ते दचकले, मग लाजले,
आणि बूच कागदात गुंडाळून खिशात ठेवलं त्यांनी.

मग व्यवहारावर आले.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
खाली हात पुढे केला, सौद्यात करतात तसा:
सांगा बाई, उरलेल्या एकवीसचं काय?
मी टॉवेलखाली त्यांची पाची बोटं दाबली.
मग पुन्हा पाची.
"दहा हजार? एकीचे?" त्यांच्या भुवया वर.

मी वर्षं म्हणत होते.

आण्णांना एकोणऐंशीवं चालू होतं.
त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला.
टॉवेलखाली हात मात्र तसाच राहिला,
सौदा मोडलाय की ठरलाय
हे दोघांनाही न कळता.
नातू पेवात नवा उसाचा पाला अंथरत होता.