जवसाचं तेल, वेलचीचा वास

देवमन खात्यानं फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक लावलं.
चिकटलं.
"हे धार धरते. जेवायचं ताट नाही धरत."

पातं भट्टीत नारिंगी झालं,
आमच्या जरूडच्या संत्र्याहून उजळ,
आणि गेलं जवसाच्या तेलात.
"याले पाणी नाही पाजत, बावा. तडकते."

मी घाईत तसंच नेलं बागेत.
तिसऱ्या सलीला टोक उडालं, काचेसारखं.

"नुसतं कडक व्हतं ते," एवढंच म्हणाला.
दुसरं पातं जलीलच्या बेकरीत,
नानकटाईच्या ताटाखाली,
दोन तास.

निघालं फिक्कट गव्हाळ.
अंगठ्यानं दाबलं तर किंचित लवलं,
परत सरळ.

वाळक्या सली कापत
दुपारपर्यंत तिसऱ्या ओळीत पोचलो.
हाताला अजून वेलची.